दाळीत केस निघाला आणि मी ब्रश भरायला शिकलो

आधीच सांगून ठेवतो, मी काही ब्रशवाला नाही. लातूरला आमचा खराद आहे, म्हणजे लाकूड फिरवून गोल घडवायचं यंत्र, वडिलांच्या काळापासूनचा. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, पोळपाट-लाटणी असलं काम. आजकाल पलंग लोखंडी नाहीतर सरळ शोरूममधून येतो, त्यामुळं हाताला वेळ असतोच, आणि वेळ असलेला माणूस सोयऱ्यांना बरोबर सापडतो.

तर झालं असं, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, नवी तूर आडतीत यायला लागलेली आणि आमच्या दाजींचा फोन. त्यांची छोटी दाळमिल आहे. मिलमध्ये एक गोल फिरती चाळणी असते, जाळीचा ड्रम म्हणा, त्यातून दाळ वेगळी, चुरी वेगळी असं निघतं. आता दाळ त्या जाळीच्या भोकात अडकून बसते, नेमकी भोकाएवढी असली की बसलीच म्हणून समजा, मग ड्रमच्या वरनं एक लांब ब्रशचा रूळ टेकवलेला असतो तो अडकलेले दाणे आत ढकलतो. त्या रुळाचे केस झिजून पार दाढीच्या खुंटाएवढे झालते. पुण्याच्या एका कंपनीनं नव्याचे नऊ हजार आणि तीन आठवडे सांगितले. सीझनमध्ये तीन आठवडे कोण थांबतंय. दाजी म्हणले, "पाव्हणं, लाकडाचाच रूळ आहे, केसं लावायचेत नुसते, तुमच्याच्यानं होईल की."

केसं लावायचेत नुसते!

मी पण लई विचार केला नाही. आंब्याचं वाळलेलं लाकूड पडलं होतं, चार फूट लांब चार इंच जाड रूळ खरादावर तासाभरात उतरवला. जुन्या रुळावर जशी भोकं होती तशी पाडायला घेतली, सहा एमएमची, पंधरा एमएम खोल. आणि एका ओळीत सरळ पाडत गेलो, वीस-पंचवीस भोकं झाली आणि रुळाला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. लाकडात जन्म गेला माझा आणि रेषेत भोकं पाडली की लाकूड रेषेतच फाटतं हे मला लाकडानं शिकवावं लागलं. वडील असते तर काय बोलले असते ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसरा रूळ घेतला, भोकं एकाआड एक तिरपी पाडली, नागमोडी, मग नाही फाटला. नंतर मुद्दाम बघितलं तर घरातल्या कपड्याच्या ब्रशला पण भोकं नागमोडीच.

केस गंजगोलाईतनं, म्हणजे आमच्या लातूरच्या बाजारातनं आणले. किलोवर मिळतात, काळे, जाडसर, दुकानदार म्हणला नायलॉनच आहे. मग आमची पद्धत: जुडी करायची, बुडाला दोरा गुंडाळायचा, इपॉक्सी गोंद कालवून त्यात बुड बुडवायचं आणि भोकात दाबायचं. नऊशेच्या वर जुड्या. मी, बायको आणि पोरगी, तिला तर अभ्यास सोडायला कारणच पाहिजे होतं. तीन रात्री गेल्या. रूळ दिसायला असा झाला की मी फोटो काढून स्टेटसला टाकला.

चौथ्या दिवशी दाजींचा फोन. आवाजच वेगळा. "दाळीत केसं निघायलेत."

मी गेलो तर पिवळ्याधमक दाळीत काळे केस. लई नाही, पण दाळीत एक केस निघाला काय अन् दहा निघाले काय, गिऱ्हाइकाला सारखंच. एक लॉट आधीच बाहेर गेलेला, तिथल्या व्यापाऱ्यानं पांढऱ्या कागदावर केस ठेवून फोटो पाठवलेला. उरलेले कट्टे फोडून बाया लावून दाळ निवडून घेतली, ती मजुरी दाजींनी माझ्याकडं मागितली नाही पण ताईनं मात्र ऐकवलं. तरी केस काळे होते म्हणून दिसले. पांढरे असते तर बरं झालं असतं का वाईट हे मला अजून ठरवता येत नाही.

रूळ घरी आणला. पकडीनं एक जुडी ओढली. इपॉक्सी भोकात जशीच्या तशी, दगडासारखी, आणि केस तिच्यातनं लोण्यातून निघावेत तसे निघून आले. टोकाला गोंदाचा कण सुद्धा नाही. म्हणजे गोंदाचा दोष नव्हता, केसाचाच होता का काहीतरी? मग एक साधी गोष्ट केली, जी आधी करायला पाहिजे होती. ग्लासात पाणी घेतलं आणि केसाचे तुकडे टाकून बोटानं बुडवले. बुडून ओले झाले तरी परत वर. आता नायलॉन पाण्यापेक्षा जड असतं, ते खाली बसतं. वर तरंगतं ते पीपी, पॉलिप्रॉपिलीन, ज्याच्या खुर्च्या अन् बादल्या होतात. त्याची कातडीच अशी मेणचट असते की साधा गोंद, इपॉक्सी काहीच नीट धरत नाही. शिवाय पीपीचा केस वाकला की वाकलेलाच राहतो, नायलॉनचा परत उभा राहतो. मग ज्याला ज्याला ब्रश घ्यायचाय त्यानं एक केस उपटून पाण्यात टाकून बघावा, फुकटची लॅब आहे.

पण नुसता केस बदलून भागणार नाही हे मला कळलं होतं, आणि ते सांगणारा माणूस नांदेडला निघाला. सासुरवाडी नांदेडची. मेव्हणा म्हणला आमच्या गल्लीत एक चाचा आहेत, उस्मानशाही कापड मिलमध्ये होते, तिथं मशीनचे ब्रश भरायचे. ऐंशीच्या पुढचे असतील. मी आपला तो रुळाचा तुकडा कापून पिशवीत घालून गेलो. चाचांनी चष्मा वर करून जुडी बघितली, दोन बोटानं ओढली, निघाली, आणि हसले. "बाल को चिपकाना नक्को बाबा, फंसाना."

चिकटवायचा नाही, अडकवायचा. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी मी तीन तास बसलो तिथं, दोन वेळा चहा झाला.

त्यांनी खराट्याच्या काड्या, एक फळीचा तुकडा आणि बारीक तार मागवली, आणि हातानं करून दाखवलं. मी जसं समजलो तसं सांगतो. फळीला समोरून मोठं भोक पाडायचं पण आरपार नाही. पाऊण जाडीपर्यंत. मग त्याच मोठ्या भोकाच्या मधून बारीक भोक, ते मात्र आरपार, मागं निघालं पाहिजे. म्हणजे आत एक पायरी झाली. मग मागच्या बाजूनं तार दुमडून तिचा फास बारीक भोकातनं पुढं काढायचा. फासात जुडी घालायची, बरोबर मध्यावर. आणि मागनं तार ओढायची. जुडी मध्यातनं दुमडली जाते, कमरेत वाकून भोकात शिरते आणि पायरीवर जाऊन बसते, बारीक भोकातनं ती मागं जाऊ शकत नाही, तारेनं धरलेली म्हणून पुढं येऊ शकत नाही. आता एक केस जरी ओढला तरी तो दुमडलेला आहे, त्याची दोन्ही टोकं समोर आणि कंबर तारेत, निघणार कुठनं? तीच तार पुढच्या भोकात, तिथनं पुढच्या, अशी शिलाई मारल्यासारखी सगळ्या पट्टीभर. शेवटी मागनं दुसरी पातळ फळी ठोकून तार झाकून टाकायची. कपड्याचा चांगला जुना ब्रश उलटा करून बघा, पाठीवर एक चिकटवलेली फळी दिसते ना, ती शोभेची नाही, तिच्याखाली ही तार असते.

मी म्हणलं चाचा पण माझा तर भरीव रूळ आहे, मागनं तार कशी ओढू? तर ते म्हणले गोल रूळ भरीव कशाला, पट्ट्यांचा कर. मिलमध्ये मोठे ब्रश असेच असायचे म्हणे, लाकडाच्या लांब पट्ट्या वेगवेगळ्या भरायच्या आणि मग शाफ्टवर गोल बसवून स्क्रू मारायचे. एक पट्टी खराब झाली तर एकच काढायची. हे ऐकून मला असं झालं की मी बावीस वर्षं खराद चालवून फक्त गोल गोष्टीच बघत होतो.

आणि डांबराची पद्धत पण सांगितली त्यांनी. जुन्या काळी झाडू, मोठे ब्रश ह्यांच्या जुड्या बुडाशी बांधून गरम डांबर-राळेत बुडवून भोकात पिळून बसवायचे, ती पण पक्की पद्धत. मी जे इपॉक्सीनं केलं ते तेच की मग. फरक एवढाच की ती नारळाच्या काथ्यासाठी, ताडाच्या रेषासाठी, जनावराच्या केसासाठी. ती खरखरीत असतात, त्यांच्या अंगावर डांबराला धरायला जागा असते. प्लॅस्टिकच्या तुळतुळीत केसाला ती जागाच नाही.

परत येताना बसमध्ये डोक्यात तेच. घरी आलो आणि पहिलं काम म्हणजे पोरीचा जुना टूथब्रश फोडला. बारीक पकडीनं एक जुडी उपटली तर आतनं पत्र्याचा इवलासा तुकडा निघाला, नखाच्या कोरीएवढा. म्हणजे इथं पण जुडी मध्यात दुमडलेली, तारेच्या जागी ही चपटी पत्री, आणि ती भोकापेक्षा किंचित रुंद असते म्हणून ठोकली की दोन्हीकडं प्लॅस्टिकमध्ये रुतून बसते. मशीन हे मिनिटाला शेकडो भोकं भरतं. नायलॉनचा टूथब्रश अमेरिकेत १९३८ साली आला, त्याच्या आधी त्या भोकांत डुकराचे केस असायचे. हे मी जेवताना सांगितलं, सांगायला नको होतं, बायकोनं ताटावरून उठायची धमकी दिली.

हे सगळं आईनं ऐकलं. आई म्हणली, "केसं गळायचं एवढं काय घेऊन बसलास, आमच्या कुंच्याचं कधी एक केस गळत नव्हतं." आणि खरंच की. आमच्या गावाकडं पोळ्याच्या आधी, दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचे तो कुंचा केकताडाचा असायचा. केकताड म्हणजे घायपात, बांधाला लावतात ती काटेरी, जाड पानांची. मला पण करून बघायची खाज आली, आणि खाज हा शब्द मी विचार करून लिहिलाय. ओलं पान हातानं चेचलं, त्याचा रस मनगटापर्यंत आला आणि रात्रभर हात खाजवत बसलो. आई म्हणली, येड्या, आधी भिजत घालायचं असतं.

मग नीट केलं. पानाचा वीतभर लांब, जाड तुकडा घेतला, पिंपात पाण्याखाली दगड ठेवून दाबला, पंधरा दिवस. वास असा सुटला की शेजारच्या काकूंनी विचारलं काही मेलंय का. मग धोंड्यावर ठेवून मोगरीनं हळूहळू चेचायचं, गर पाण्यानं धुऊन जातो आणि पांढरे रेषे मोकळे होतात. पण सगळं पान चेचायचं नाही! मुठीत धरायला चार बोटं जागा तशीच ठेवायची, तिथं सुतळी आवळायची. झाला कुंचा. आता बघा, ह्यात केस बसवलाच नाही कुठं. रेषे पानात जसे वाढले तसेच मुळाशी पानातच आहेत, आपण फक्त पुढचं मांस काढून टाकलं. कडुलिंबाची काडी चावून दात घासतो ते पण हेच. ना भोक, ना तार, ना गोंद. शिंदीच्या फांदीचं बूड ठेचून पण असाच कुंचा करतात. एक केस गळत नाही म्हणजे शब्दशः गळत नाही, तुटतो तेवढाच. मी त्यानं खरादाच्या खोलीला चुना मारला, हात भरून आला पण भिंत भारी झाली. पण दाळमिलच्या रुळाला केकताड चालणार नव्हतं, ते ओलं असताना मऊ आणि वाळलं की तुटतंय, म्हणून आपलं परत नायलॉन.

आता मुख्य काम. ह्या वेळी लाकूड आंबा नाही. माझ्याकडं एका जुन्या वाड्याचं सागवान होतं, १९९३ च्या भूकंपानंतर लोकांनी जी माळवदाची घरं उतरवली त्यातल्या तुळया वडिलांनी घेऊन ठेवल्या होत्या, अजून थोड्या शिल्लक आहेत. तीस-चाळीस वर्षं घरात आणि तीस वर्षं आमच्या छपरात वाळलेलं लाकूड, ते आता कुठं हलणार. त्याच्या आठ पट्ट्या काढल्या, चार फूट लांब, एक इंच जाड. प्रत्येक पट्टीला दोन ओळी, नागमोडी, वीस-वीस एमएमवर एक भोक. ओळीत साठ, पट्टीत एकशेवीस, आठ पट्ट्यांत नऊशे साठ. आणि प्रत्येक भोक दोनदा पाडायचं, आधी बारीक अडीचचं आरपार, मग त्याच्यावरच सहाचं पंधरा खोल. उलट केलं की बारीक ड्रिल मधोमध बसत नाही, भरकटतं. ड्रिलला खोलीसाठी टेप गुंडाळली होती, ती सरकली आणि एका पट्टीची अकरा भोकं आरपार गेली, ती पट्टी फेकली. फेकली म्हणजे तिचे पोळपाटाचे पाय केले.

केस पुण्याहून मागवले, नायलॉन, अर्धा एमएम जाडीचे, निळे. निळे अशासाठी की खाण्यातली वस्तू सहसा निळी नसते, चुकून पडला तर दाळीत लांबून दिसेल. आल्या आल्या ग्लासात टाकले. बुडाले. बायको म्हणली आता पेढे वाटा.

लांबीचा हिशोब सोपा आहे पण मी एकदा चुकलो. केस बाहेर दीड इंच पाहिजे म्हणजे अडतीस एमएम, भोकात पंधरा, वरनं कातरायला तीन-चार, झाले सत्तावन्न-साठच्या आत. पण केस दुमडायचाय! म्हणजे दुप्पट. एकशे पंधरा. मी पहिली गड्डी सत्तावन्नची कापली. असो.

तारेवरनं मात्र दाजींशी जोरात वाद झाला. मला स्टेनलेसची तार वापरायची होती, गंजत नाही, चांगली दिसते. दाजी म्हणले नको. का? तर मिलमध्ये दाळ शेवटी मॅग्नेटवरनं जाते, लोखंडाचा कण असला तर तिथं चिकटतो. जी तार स्टेनलेस म्हणून मिळते ती बहुतेक मॅग्नेटला चिकटतच नाही. उद्या तुकडा तुटला तर सरळ पोत्यात. गंजायचं म्हणशील तर आमच्याकडं पाणी कुठंय, सगळं कोरडं काम. मला हे सुचलंच नसतं. तर जस्त चढवलेली साधी लोखंडी तार घेतली, बावीस गेजची. दुपदरी फास अडीचच्या भोकातनं आरामात जातो.

आणि मग भरणं. पहिली पट्टी भरायला मला दीड दिवस लागला. प्रत्येक जुडीत केस किती घ्यायचे हाच गोंधळ. कमी घेतले तर जुडी भोकात सैल, डुलते. जास्त घेतले तर भोकाच्या तोंडातच अडकते, जोर लावला की तार तुटते, आणि बोटाचं कातडं कापतं ते वेगळं. हिशोबानं पन्नास केस, दुमडले की शंभर टोकं, पण पन्नास केस नऊशे साठ वेळा कोण मोजणार? बायकोनं तोड काढली. म्हणली पत्र्याला खाच पाड, खाचेत मावतील तेवढेच घ्यायचे. मी एका जुन्या करवतीच्या पात्याला कानसीनं खाच पाडली, केसांच्या गठ्ठ्यात घुसवून ओढली की बरोबर तेवढीच जुडी हातात. त्यानंतर एक पट्टी तीन तासांत व्हायला लागली, पोरगी फास पुढं काढायची, बायको जुडी घालायची, मी मागनं ओढायचो. ओढण्याचं पण एक आहे, झटका द्यायचा नाही, पक्कडीला तार एक वळसा घालून मागं रेलायचं, जुडी आत बसली की एक बारीकसा टक असा आवाज येतो, कानाला नाही, हाताला येतो. तो आला की पुढं. दुसऱ्या पट्टीपासून मला गप्पा मारत मारत कळायला लागलं कुठली बसली कुठली नाही.

सगळे मिळून सव्वा किलो केस गेले. मागं पातळ फळी स्क्रूनं, गोंदानं नाही, कारण परत उघडायची आहे. आठ पट्ट्या अष्टकोनी लाकडावर गोल बसवल्या, शाफ्टवर चढवून खरादावरच हळू फिरवला आणि वर कात्री धरून, मग बारीक सँडपेपर धरून केस एका लेव्हलला आणले. निळा भुसा घरभर. पोहे पण निळे झाले असते एका सकाळी.

रूळ बसवला तेव्हा मी दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसलो, ड्रमखाली पांढरा कपडा अंथरून. पहिल्या तासात सात-आठ निळे तुकडे पडले, ते कातरताना मधे अडकून राहिलेले बारके. म्हणून दाळ घालायच्या आधीच रिकामा चालवा असं मीच सांगितलं होतं. तुकडे यायचे थांबले तेव्हा दाळ सोडली. संध्याकाळपर्यंत दाळीत काही नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठ दिवसांनी ताईचा फोन, पुरणाची दाळ पाठवली म्हणून, म्हणजे माफी झाली असं मी समजलो.

मग काय, बातमी फिरली. डेअरीवाला आला, दुधाच्या कॅनचा ब्रश करून दे म्हणून. तो प्रकार वेगळा, लांब तार मध्यातनं दुमडायची, दोन पदरांच्या मधे केस आडवे पसरायचे, एक बाजू शिकंजात धरायची आणि दुसरी ड्रिल मशीनच्या चकमध्ये, आणि फिरवायचं. पीळ बसतो तसे केस आपोआप गोल जिन्यासारखे उभे राहतात. बघायला जादू आहे एकदम. फक्त कधी थांबायचं ते कळलं पाहिजे, मी एक वळण जास्त दिलं आणि तार तुटून हनुवटीला लागली. आता चष्मा घालतो. ह्यात गोंद नाही, भोक नाही, नुसत्या पिळावर केस धरलेला, आणि चांगला धरतो.

पेंटर मित्र पण आला, भिंतीला केस चिकटतायत म्हणून त्याचा नवा ब्रश घेऊन. रंगाचे ब्रश आपल्याकडं बरेचसे उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातल्या शेरकोटहून येतात, गावच्या गाव त्यावर चालतं. त्यात भोकबीक नसतं, पत्र्याची टोपी असते, तिच्यात केस भरून मुळाशी इपॉक्सी ओततात. त्याचा ब्रश आम्ही खिळे काढून उघडला. आत मधोमध ही भली मोठी लाकडी पाचर, आणि केस तिच्या दोन बाजूंनी नुसते पापुद्र्यासारखे. पाचर असावीच लागते, तिच्यामुळं आत पोकळी राहते आणि तिथं रंग साठतो, पण इथं पाचरच जास्त आणि माल कमी, आणि इपॉक्सी वरवर, मधल्या केसांपर्यंत पोचलेलीच नाही. बाहेरनं ब्रश जाडजूड. तेव्हा घेताना केस दोन बोटांनी मधून फाकवून मुळाशी बघा, पाचर किती रुंद आहे ते दिसतं. डुकराचा खरा केस असेल तर टोकं फाटलेली दिसतात, एकेका केसाची दोन-तीन टोकं, रंग तिथं धरतो, आणि कापलेल्या टोकाचा केस असेल तर समजा कुणीतरी चलाखी केलीय. इपॉक्सी इथं चालते कारण केसांची मुळं मोकळी असतात, ती आत झिरपते. ते दुरुस्त करायच्या फंदात मी पडलो नाही. त्याला म्हणलं दुसरा घे.

रूळ एक सीझन पूर्ण चालला. परवा दाजी एक पट्टी काढून घेऊन आले, कुठनं तरी एक नट ड्रममध्ये पडला होता, त्यानं मधल्या सात-आठ जुड्या फाडल्या. मी म्हणलं एकच पट्टी आहे, तासाभराचं काम, मागची फळी उघडली आणि फाटलेल्या जागची तार कापली. आणि कापल्या कापल्या शेजारची जुडी सैल. मग तिच्या शेजारची. तार एकच ना सगळ्या पट्टीभर! स्वेटरचा धागा सुटावा तशी अर्धी ओळ माझ्या डोळ्यासमोर ढिली पडली. चाचांना फोन लावला तर त्यांच्या नातवानं उचलला, मागनं चाचांचं हसू ऐकू आलं, म्हणले दस दस के बाद गांठ मारते थे, तुमने पूछाच नई.

दर दहा भोकांनंतर मागं एक बारीक चूक, म्हणजे छोटा खिळा, ठोकायची, तारेला तिच्याभोवती दोन वेढे द्यायचे आणि मग पुढं जायचं. म्हणजे तुटलं तर दहाच सुटतात. आता बाकीच्या सात पट्ट्या पण उघडून तसं करायचं का राहू द्यायचं, दाजी म्हणायलेत राहू द्या चालू आहे तर, मी म्हणायलो नवी तूर यायच्या आधी करून टाकू. सध्या ही एक पट्टी समोर आहे, तीस भोकं झालीत, तीन चुका ठोकल्यात. पोरीची परीक्षा आहे म्हणून ती ह्या वेळी बसत नाही, निदान तसं म्हणतीय.